आक्का, तिकडं तर चालतंय की!

परवा फोनवर तू एका दमात विचारून टाकलंस, "आक्का, जर्मनीत गांजा कायदेशीर झाला, कॅनडात झाला, मग आपल्याकडंच एवढा बाऊ कशाला?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "मी ओढते म्हणून विचारत नाही हां, रूमवर रोज हाच विषय असतो." तू ओढतेस की नाही, हे मी विचारणार नाही. ज्या प्रश्नाला समोरच्याला खोटंच उत्तर द्यावं लागेल, तो विचारून हाती काही लागत नाही, एवढं वकिलीनं शिकवलंय. तेव्हा काकू मागंच उभी होती, म्हणून मी विषय बदलला. आता निवांत लिहिते. काकूला दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आधी तुझ्या बाजूचं जेवढं खरं आहे तेवढं कबूल करते, म्हणजे "आक्का जुन्या वळणाची" असं म्हणायला तुला जागा राहायची नाही.

दारूचं उदाहरण तुम्ही पोरं देता ते बरोबर आहे. आपल्या कोल्हापुरात लग्नाच्या आदल्या रात्री, मिरवणूक संपल्यावर, निवडणुकीच्या आठवड्यात ढाब्यावर जी दारू वाहते, तिच्याकडं कुणी डोळे वटारून बघत नाही. तळहातावर मावा मळत बसलेला मामा भाच्याला गांजावर व्याख्यान देतो आणि मधेच उठून पिंक टाकून येतो. भाच्याला हसू येणारच. दारूनं संसार किती बुडाले, अपघात किती झाले, हे मी रोज कोर्टाच्या पायऱ्यांवर बघते. त्या हिशेबात गांजा खूप मागं आहे. मान्य.

आणि हेही मान्य, की गांजा आपल्याकडं काल-परवा गोऱ्यांनी आणला नाही. १८९३-९४ साली इंग्रज सरकारनं याच विषयावर इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. हजाराच्या वर साक्षी घेतल्या. निष्कर्ष निघाला तो असा, की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो. सरसकट बंदी घालू नका, परवाने द्या, कर लावा. त्या काळी मुंबई इलाख्यात अहमदनगरकडं गांजाचं पीक सरकारी देखरेखीखाली निघायचं आणि परवान्याच्या दुकानातून विकलं जायचं. बंदीचा एनडीपीएस कायदा आला तो १९८५ मध्ये, नोव्हेंबरात लागू झाला. त्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगरनं पोरं चालता-बोलता संपत होती. अनिल अवचटांचं 'गर्द' वाच, म्हणजे तेव्हाची घबराट कळेल. गांजालाही त्याच दोरीनं बांधलं गेलं. पुढं डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला हेरॉइनच्या रांगेतून, म्हणजे सगळ्यात कडक यादीतून, बाहेर काढायचं मतदान झालं. २७ विरुद्ध २५. त्या २७ मध्ये आपला भारत होता. तुमच्या रूमवरच्या वादात हा मुद्दा कुणी काढला नसेल. फुकट देते, वापर.

माझं स्वतःचं मत विचारशील तर एका पुडीपायी पोराला कोठडी दाखवणं मला पटत नाही. ओढणाऱ्याला डॉक्टर द्यावा, विकणाऱ्याला जेल. हे मी शाहू स्मारकच्या स्टेजवरूनही बोलेन.

झालं. आता माझं ऐक.

तू म्हणतेस "तिकडं चालतं". काय चालतं, कुणाला चालतं, हे कधी शेवटपर्यंत वाचलंस का? रील तीस सेकंदांची असते आणि जर्मनीचा कायदा चांगला जाडजूड आहे. तू पुढच्या वर्षी तिकडं एमएसला जायचं म्हणतेस, व्हिसाला लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटच्या बारा हजार युरोंसाठी काकांची धावाधाव चाललीय, म्हणून जर्मनीचंच सांगते.

१ एप्रिल २०२४ पासून तिथं अठरा वर्षांवरच्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो, घरात तीन झाडं लावता येतात. इथपर्यंत सगळ्या पोरांना पाठ आहे. पुढचं बघ. दुकान नाही. जाऊन विकत घ्यायची सोयच नाही. ज्याला हवंय त्यानं लागवड करणाऱ्या क्लबाचं सभासद व्हायचं, आणि सभासद व्हायला किमान सहा महिने जर्मनीत वास्तव्य असावं लागतं. म्हणजे विमानातून उतरलेल्या कोल्हापूरच्या पोरीला पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत सरळ मार्गानं ते मिळतच नाही. अठरा ते एकवीसच्या मुलांना क्लबातून महिन्याला ३० ग्रॅमच, आणि तेही ज्यात नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, १० टक्क्यांच्या आत आहे असंच. मोठ्यांना ही टक्केवारीची अट नाही. सरकारला असं का वाटलं असेल? शाळेच्या, खेळाच्या मैदानाच्या नजरेच्या टप्प्यात ओढायचा नाही. पायी फिरायच्या बाजारपेठांत सकाळी सात ते रात्री आठ बंदी. गाडी चालवताना रक्तात किती चालेल याची मर्यादा नॅनोग्रॅममध्ये, आणि एकवीसच्या आतल्यांना व नवशिक्या चालकांना ती शून्य.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून दुकानं आहेत, खरंय. पण क्यूबेक प्रांतानं वयाची अट अठराची वाढवून एकवीस केली. पाकिटावर झगमगाट चालत नाही, धोक्याची सूचना ठसठशीत छापावी लागते. अमेरिकेत ज्या राज्यांत मुभा आहे तिथं वय एकवीस. आणि केंद्राच्या कायद्यात तो आजही गुन्हाच. त्यामुळं कोलोरॅडोत रस्त्यावर दुकान आहे, पण बोल्डरच्या विद्यापीठाच्या आवारात बंदी. स्टुडंट व्हिसावर गेलेल्याला तर केंद्राचाच कायदा लागू. "राज्यात चालतं" हे उत्तर इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही. थायलंडनं जून २०२२ मध्ये दारं सताड उघडली आणि तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गांजाचं फूल विकायचं नाही असा नियम केला. बँकॉकहून "मित्राची बॅग" घेऊन उतरलेली पोरं मुंबई विमानतळावर कस्टमच्या हाती लागल्याच्या बातम्या तर तू वाचतेसच.

त्या देशांनी गांजाला "जा बाळा, खुशाल फिर" असं म्हटलेलं नाही. त्यांनी त्याला वय दिलं, माप दिलं, लेबल दिलं, तपासणी दिली, हद्द आखून दिली. आणि हे सगळं करूनही तिथले डॉक्टर आणि आमदार अजून भांडतायत. तुमच्यापर्यंत त्यातलं पोचलं ते फक्त "चालतं".

आता आपल्याकडच्या पुडीकडं बघ. खटल्यात मुद्देमाल उघडतात तेव्हा मी जवळून बघितलाय. खाकी लखोटा, त्यावर दोऱ्याची गाठ, लाल लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिकटवलेली चिठ्ठी. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात काळपट हिरवा, दाबून दाबून गठ्ठा झालेला पाला. बोटानं उकलला तर काड्या, बिया, मातीचे खडे. ओल्या कडब्याला येतो तसला कुबट वास. सोबत रासायनिक विश्लेषकांचा अहवाल, त्यात एवढंच की हा गांजा आहे. त्यात टीएचसी किती, उसात लपवून लावला तेव्हा त्यावर कसला फवारा पडला, बुरशी धरलीय का, वजन वाढवायला काय मिसळलंय, हे कुणी तपासत नाही, कारण खटल्याला त्याची गरज नसते. आणि ओढणाऱ्याकडं तर तेवढाही कागद नसतो. रंकाळ्याच्या काठावर अंधार पडल्यावर पोरगा पुडी घेतो ती फक्त "माल एक नंबर हाय" एवढ्या शब्दावर.

तुम्ही म्हणता, "नॅचरल हाय, झाडपाला हाय." अगं, धोतराही झाडपालाच आहे आणि महादेवाला आपण तोही वाहतो. त्याच्या बिया कुणी खाऊन दाखवाव्यात.

पुडीपेक्षा मला काळजी आहे ती पुडी देणाऱ्या हाताची. यावर जरा थांबते, कारण कायदेशीर करण्याच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच आहे आणि तुमच्यातल्या कुणाला तो माहीत नसतो. नेदरलँड्सनं १९७६ साली कायदा बदलून कॉफीशॉपांना जी ढील दिली, ती गांजा चांगला म्हणून नाही. त्यांचं म्हणणं होतं की गांजा घ्यायला येणारा पोरगा आणि हेरॉइन विकणारा माणूस यांची गाठच पडू नये. दोन बाजार वेगळे करा. पटण्यासारखं आहे. पण आपल्याकडं ते बाजार वेगळे नाहीत. आणि आपल्या भागात दुसरा बाजार कसला आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना उघडकीला आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडमध्ये पुणे पोलिसांना एमडीचा साठा सापडला. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत पुन्हा कारखाना, शंभर किलोच्या वर माल. काजूच्या बागा, द्राक्षांचे मळे असलेला हा भाग. मेफेड्रोन म्हणजे एमडी हा काही झाडपाला नाही, रसायन आहे, आणि त्याची चटक गांजाच्या कैक पट लवकर लागते. कायदाही तसाच बघतो: गांजा एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा' धरतात, एमडी फक्त दोन ग्रॅम. गांजाची पुडी देणारा एक दिवस म्हणतो, "आज हिरवा नाही, हे घेऊन बघ, पैसे नंतर दे." गांजा ओढणारा प्रत्येकजण पुढं तिकडं जातो असं मी म्हणत नाही, बहुतेक जात नाहीत. पण ज्या दारात तो उभा आहे, त्या दारामागं आपल्या भागात काय आहे ते त्याला माहीत असावं.

आता तुमच्या वयाचं. अमेरिकेत १९७५ पासून दरवर्षी शाळा-कॉलेजच्या मुलांना विचारतात, नेमानं गांजा ओढण्यात मोठा धोका वाटतो का? १९९१ साली बारावीच्या शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर-एक मुलांनी हो म्हटलं होतं. २०१९ च्या सुमाराला हा आकडा तिसाच्या आसपास आला. आणि याच काळात तिथल्या पकडलेल्या मालातलं टीएचसी चार टक्क्यांच्या आसपास होतं ते पंधराच्या घरात गेलं. भीती निम्म्याहून खाली आली आणि माल तिपटीहून तेज झाला, बरोबर उलटं. तुझ्या रूमवर "त्यात काय एवढं" म्हणतात, ते ज्या गांजाबद्दल ऐकून म्हणतात तो त्यांच्या काका-मामांच्या वेळचा.

ओरेगॉन राज्यात २०१५ मध्ये मुभा मिळाली, त्यानंतर तिथल्या विद्यापीठातल्या पोरांचा अभ्यास झाला. मुभा नसलेल्या राज्यांशी तुलना केली तेव्हा दिसलं की जादा वाढ झाली ती आधीपासून बेसुमार दारू पिणाऱ्या पोरांत. बाकीच्यांत तसा फरक नाही. मला हे फार बोलकं वाटतं. कायदा बदलल्यानं शांत अभ्यासू पोरगी एका रात्रीत चिलीम घेऊन बसत नाही. जो आधीच घसरणीवर आहे त्याचा पाय जास्त घसरतो. म्हणून "वीड चांगलं की वाईट" यावर रात्रभर वाद घालण्यापेक्षा तुमच्या चौघींत घसरणीवर कोण आहे, हे बघ.

शरीराचं थोडक्यात. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यातला आठवणींचा कारभार जिथं चालतो तिथंच टीएचसी जाऊन बसतं. म्हणून ओढून वाचलेलं "सगळं समजलं" वाटतं आणि पेपरात आठवत नाही. विशीच्या आत सुरुवात करणाऱ्याला सवय जडण्याची शक्यता मोठेपणी सुरू करणाऱ्यापेक्षा जास्त. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त युरोप आणि ब्राझीलमधला अभ्यास आला. रोज तेज गांजा ओढणाऱ्यांत भ्रम-भास होण्याचा आजार, कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसला. यात गांजा कारण किती आणि मूळचा स्वभाव किती, यावर डॉक्टर वाद घालतात. पण ज्याच्या घरात असा आजार कुणाला होऊन गेलाय त्यानं या वाटेला जाऊ नये, यावर वाद नाही. आपल्या घरात थोरल्या आत्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही म्हणून मी काढते.

केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतात तीन कोटींच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्याही आत. "आता सगळेच ओढतात" म्हणतात ना तुझ्या रूमवर? सगळे नाही ओढत. जे ओढतात ते जास्त बोलतात, इतकंच.

आणि भांग? रंगपंचमीला थंडाईत घालतात म्हणून ती सोवळी, असा समज आहे. एनडीपीएसच्या व्याख्येतून नुसती पानं वगळलीत हे खरं, पण आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगही येते. परवान्याशिवाय ती बाळगणंही गुन्हाच. शिवाय पोटात गेलेली भांग चढायला तास-दोन तास घेते. पहिल्या ग्लासाचं काही झालं नाही म्हणून पोरं दुसरा मारतात आणि मग संध्याकाळी सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात "काकू, छातीत धडधडतंय" म्हणून नर्सचा हात सोडत नाहीत. वाढदिवसाच्या ब्राउनीचंही तेच गणित. कुणी खाऊ घातलं तर आधी विचारायचं, आत काय आहे. लाजायचं नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, तीच नीट वाच. गांजा ओढल्याचं कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोच्या आत जवळ सापडला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजार किंवा दोन्ही. पोरं म्हणतात, "एवढंच ना?" एवढंच नाही. त्याच कायद्यात कलम २५ आहे: खोली ज्याच्या ताब्यात आहे त्यानं माहीत असून तिथं असला गुन्हा होऊ दिला, तर त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा. म्हणजे तू ओढत नसशील, तू खिडकीत बसून डिझाइनचं सबमिशन करत असशील, पण खोली तुझी आहे आणि कपाटात काय आहे हे तुला ठाऊक आहे.

असंच एक पोरगं माझ्याकडं आलं होतं. गाव सांगत नाही. भाडेकरार त्याच्या नावावर, कारण चौघांत त्याचंच आधार कार्ड त्या दिवशी खिशात होतं. पुडी दुसऱ्याची. बाप माझ्या ऑफिसात आला तो दहावी-बारावीच्या गुणपत्रिका लॅमिनेट करून घेऊन. म्हणाला, "मॅडम, ह्या साहेबांना दाखवूया. पोरगं हुशार हाय म्हटल्यावर सोडतील." जामीन झाला. केस अजून चालू आहे, तारखेला पोरगा येतो, मागच्या बाकावर बसतो. कोर्टात केस पडून असेपर्यंत पासपोर्टला अडथळा येतो, न्यायालयाची परवानगी आणावी लागते. त्याचाही जर्मनीचाच बेत होता.

आणि मोठ्यांच्या पोरांनाही हे चुकलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला क्रूझ प्रकरणात पकडलं. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं. तीन आठवड्यांच्या वर तो आत होता. मे २०२२ मध्ये पकडणाऱ्या एनसीबीनंच, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ विभागानंच, पुरावा नाही म्हणून त्याचं नाव आरोपपत्रात घातलं नाही. त्याच्या बापाकडं देशातले नामांकित वकील होते. आपल्याकडं मी आहे.

हक्कही सांगून ठेवते. अंगझडती घ्यायची म्हटली तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या, असं सांगायचा अधिकार तुला आहे, कलम ५०. बाईची झडती बाईच घेणार, तेही त्याच कलमात. पळायचं नाही, भांडायचं नाही, न वाचता सही करायची नाही, मला फोन करायचा.

रूमवर कसं वागायचं ते विचारलंस. व्याख्यान देऊ नकोस. कोल्हापुरात व्याख्यान दिलं की पोरं आणखी नादाला लागतात. "मला नको, तुमचं चालू दे" एवढंच बोल आणि बाहेर पड. कुणी "काकूबाई" म्हणालं तर म्हणू दे, दोन दिवसांत तेच तोंड नोट्स मागायला येतं. पण एक गोष्ट ठामपणे, सगळ्यांसमोर, एकदाच सांग: "खोलीत ठेवायचं नाही." बाहेर काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. ओढलेल्या कुणाच्या गाडीवर मागं बसू नकोस, मग पन्हाळ्याचा घाट असो की सायबर चौक ते राजारामपुरी. कुणी घाबरंघुबरं झालं तर एकटं सोडू नका, शांत बसवा, पाणी द्या, वर दारू पाजू नका. छातीत दुखतंय, भास होतायत असं वाटलं तर सरळ सीपीआरला न्या आणि डॉक्टरला खरं काय घेतलं ते सांगा. डॉक्टरशी खोटं बोलून उपचार चुकतो.

आणि ती तुझी मैत्रीण, जिचं तू फोनवर दोनदा "तिचं जरा जास्तच चाललंय" असं म्हणालीस. सकाळी उठल्यावर लागतं का तिला? लेक्चर बुडतात का? पैसे उसने मागते का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर तिला रागावू नका, डॉक्टरकडं न्या. स्वतःहून व्यसनावर उपचार घ्यायला जाणाऱ्याला अल्प मात्रेच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-अ याच कायद्यात आहे, अट एवढीच की उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी घ्यायचे आणि पुरे करायचे. हे पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून ती लपत राहतात. सीपीआरला मनोविकार विभाग आहे. पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून, अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलेलं. तिथं कुणी तुच्छतेनं बघत नाही. घरी कळू न देता नुसतं बोलायचं असेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मन फारच सैरभैर असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर तुझ्या फोनमध्ये घालून ठेव, तिच्याही.

कायदा बदलायचाय तुम्हाला? जरूर बदला. वय किती, माप किती, तपासणी कुणी करायची, पैसा कुठं जायचा, ओढणाऱ्याला कोर्टात न्यायचं की दवाखान्यात, हे सगळं मांडून वाद घाला. मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. आता तर हायकोर्टाचं सर्किट बेंचही आपल्या दारात आलंय, १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं. पण तोपर्यंत हा कायदा आहे तो असा आहे, आणि तुझा पासपोर्ट एकच आहे.

त्या मैत्रिणीला माझा नंबर दे. फी नाही, घरी सांगणार नाही. आणि तुमच्या फ्लॅटचा भाडेकरार कुणाच्या नावावर आहे, तेवढं आज संध्याकाळी बघून मला कळव.